थॉमस मापफूमो : दोन राजवटींना नकोसा झालेला गायक

नभोवाणीवरून एखादें गाणें लावणें जितकें सोपें, तितकेंच तें न लावणेंहि सोपें असतें. त्यासाठीं हुकूम काढावा लागत नाहीं, कीं दवंडी पिटावी लागत नाहीं. तबकडी कपाटांतच राहते. श्रोत्यांना कांहीं कळत नाहीं. आणि जें गाणें काल घरोघर ऐकूं येत होतें तें जणूं कोणीं कधीं गाइलेंच नव्हतें, असें होऊन जातें. आफ्रिकेच्या दक्षिण भागांतील झिंबाब्वे या देशांत एका गायकाच्या वांट्याला हा अनुभव एकदां नव्हे, दोनदां आला. प्रथम गोऱ्यांच्या सरकारनें त्याचीं गाणीं बंद केलीं. पुढें तें राज्य गेलें. ज्या राज्याची वाट पाहत त्यानें गाणीं गाइलीं होतीं तें स्वकीयांचें राज्य आलें. आणि कांहीं वर्षांनीं त्या राज्याच्या नभोवाणीवरूनहि त्याचीं नवीं गाणीं ऐकूं येईनाशीं झालीं. राज्यकर्ते बदलले, झेंडा बदलला, राजधानीचें नांवहि बदललें. पण गायक तोच होता. त्याचें नांव थॉमस मापफूमो.

आफ्रिकेचें संगीत म्हटलें कीं आपल्याकडील बहुतेक सुशिक्षितांच्या मनासमोर ढोल आणि नाच यांपलीकडे फारसें कांहीं उभें राहत नाहीं. त्या खंडांत शेंकडों भाषा आहेत, आणि त्या प्रत्येक भाषेचें गाणें निराळें आहे, याची जाणीव आपल्याला क्वचितच असते. म्हणून या गायकाची हकीकत सांगण्यापूर्वीं त्याच्या देशाची आणि त्याच्या वाद्याची थोडी ओळख करून घेणें बरें.

मापफूमोचा जन्म ३ जुलै १९४५ रोजीं मारोंडेरा येथें झाला. त्या काळीं या देशाला दक्षिण ऱ्होडेशिया म्हणत. सेसिल ऱ्होड्स याच्या कंपनीनें १८९० सालीं आपलें पथक तेथें धाडून सॉल्सबरी शहराचा पाया घातला आणि कंपनीचें राज्य सुरू झालें. १८९६-९७ सालीं तेथील लोकांनीं त्याविरुद्ध मोठा उठाव केला. त्या उठावांतील प्रमुखांपैकीं नेहांडा या नांवानें ओळखली जाणारी एक स्त्री होती. पूर्वजांचा आत्मा तिच्या मुखानें बोलतो अशी लोकांची श्रद्धा होती. १८९८ सालीं तिला फांशीं देण्यांत आलें. आपलीं हाडें पुन्हां उठतील असें ती मरतांना बोलली, अशी आख्यायिका त्या देशांत घरोघर सांगतात. या उठावाला शोना भाषेंत 'चिमुरेंगा' म्हणतात. मुरेंगा नांवाच्या पूर्वजावरून हा शब्द आला असें मानलें जातें. शब्दाचा अर्थ झगडा, लढा असा आहे. हा शब्द श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याच शब्दानें एका गानप्रकाराचें नांव व्हावयाचें होतें.

उठाव मोडला. १९३० सालच्या जमीन-वांटणीच्या कायद्यानें देशाची सुमारें निम्मी जमीन मूठभर गोऱ्या वसाहतवाल्यांसाठीं राखून ठेवण्यांत आली. संख्येनें कितीतरी पटींनीं अधिक असलेल्या काळ्या लोकांच्या वांट्याला जे राखीव टापू आले, त्यांतील बरीच जमीन हलकी, पावसानें ओढ दिली कीं करपून जाणारी अशी होती. शहरांत काळ्या माणसानें यावें तें कामापुरतें, आणि राहावें तें शहराबाहेरच्या ठराविक वस्तींत, असा शिरस्ता होता.

थॉमसचें बालपण खेड्यांत आजी-आजोबांपाशीं गेलें. तेथें त्याच्या कानांवर जें संगीत पडलें त्याचा गाभा म्हणजे म्बीरा हें वाद्य. वीतभर रुंदीची एक लांकडी फळी. तिच्यावर ठोकून चपट्या केलेल्या लोखंडी पट्ट्या, बाविसांपासून अठ्ठाविसांपर्यंत, ओळींनीं बसविलेल्या. फळी दोन्ही हातांत धरावयाची आणि दोन अंगठे व उजव्या हाताची तर्जनी यांनीं पट्ट्या छेडावयाच्या. आपल्या तंबोऱ्याला जसा भोपळा असतो, तसा म्बीरेचा नाद वाढविण्यासाठीं ती एका मोठ्या पोकळ भोपळ्यांत धरून वाजवितात. फळीला शिंपल्यांचे तुकडे किंवा बाटल्यांचीं झांकणें लाविलेलीं असतात. त्यांमुळें प्रत्येक स्वराभोंवतीं बारीक झणझणाट उठतो. तंबोऱ्याची जवारी ज्यांच्या कानांना परिचित आहे त्यांना या झणझणाटाचें मोल सांगावयास नको. परक्या कानाला तो वाद्यांतला दोष वाटतो. शोना माणसाला त्यावांचून स्वर उघडा वाटतो.

म्बीरा बहुधा एकट्यानें वाजवीत नाहींत. एक वादक चाल धरतो, आणि दुसरा त्याच्या स्वरांमधल्या रिकाम्या जागा आपल्या स्वरांनीं भरून काढतो. दोघांचे स्वर एकमेकांत असे गुंततात कीं ऐकणाऱ्याला त्यांतून तिसरीच एक चाल ऐकूं येऊं लागते, जी त्या दोघांपैकीं एकहि वाजवीत नसतो. पूर्वजांना आळविण्यासाठीं रात्रभर जो सोहळा चालतो त्याला 'बीरा' म्हणतात. आपल्याकडील देवीच्या जागराशीं त्याचें बरेंच साम्य आहे. म्बीरा वाजत असते, बिया भरलेल्या भोपळ्याचे खुळखुळे ताल धरतात, लोक गात-नाचत असतात. आणि पहांटेच्या सुमारास कोणाच्या तरी अंगांत पूर्वज येतो, कुटुंबाचीं सुखदुःखें ऐकतो, चुकलेल्याची कानउघाडणी करतो. म्हणजे हें संगीत नुसत्या करमणुकीचें नव्हे. चुकणाऱ्याला चूक सांगण्याचा अधिकार त्याच्या पोटांत मूळचाच आहे.

मिशनऱ्यांना हें सारें भुताखेतांचें वाटलें. मिशनच्या शाळेंत शिकणाऱ्या मुलाला म्बीरेची लाज वाटावी असें वातावरण हळूहळू तयार झालें. जितांना आपलें राज्य गेल्याचें दुःख निदान उघड असतें. आपलें वाद्य गेल्याचें दुःख मात्र पुष्कळांना जाणवतहि नाहीं.

दहा वर्षांचा झाल्यावर थॉमस सॉल्सबरीजवळच्या म्बारे या वस्तींत आईकडे राहावयास आला. ही काळ्या कामगारांची सर्वांत जुनी वस्ती. दाटीवाटीचीं घरें, बाजार, गुत्ते, नाचगाण्याचीं सभागृहें, आणि जेथें तेथें वाजणारा रेडिओ. त्या रेडिओवर अमेरिकेचीं आणि इंग्लंडचीं गाणीं लागत. तरुण थॉमसहि तींच गाऊं लागला. एल्व्हिस प्रिस्ले, सॅम कुक, ओटिस रेडिंग हे त्याचे आदर्श होते. गळा चांगला, उच्चार इंग्रजी, पोशाख अमेरिकन. नकल उत्तम वठली कीं लोक टाळ्या देत. अशीं दहा वर्षें गेलीं असतीं आणि आणखीहि गेलीं असतीं. पण नकलेंत कितीहि नैपुण्य आलें तरी ती नकलच, हें त्याला कोठें तरी बोंचूं लागलें होतें.

१९७२ च्या सुमारास तो म्हांगुरा येथील तांब्याच्या खाणीवर गेला. खाणकामगारांच्या करमणुकीसाठीं तेथें एक वाद्यवृंद उभा राहत होता. दिवसा खाणीच्या कोंबड्यांची देखरेख करावी आणि रात्रीं गावें, असा त्याचा दिनक्रम होता. आणि वृंदाचें नांवहि 'हालेलुया चिकन रन बँड' असेंच, कोंबड्यांच्या खुराड्यावरून पडलेलें. अशा या विनोदी नांवाच्या मेळ्यांत एका देशाच्या संगीताची दिशा बदलली. वृंदांत जोशुआ डुबे नांवाचा गिटारवादक होता. म्बीरेच्या जुन्या चाली गिटारवर काढण्याचा उद्योग त्यानें आरंभिला. उजव्या तळव्याची कड तारांवर किंचित् टेकवून स्वर लांबूं न देतां तोडावयाचा, म्हणजे गिटारची तार लोखंडी पट्टीसारखी बोलूं लागते. ढोलवाल्यानें झांजेवर खुळखुळ्याचा ताल धरावयाचा. एका गिटारनें चाल धरावयाची, दुसरीनें तिच्या फटी भरावयाच्या. परदेशीं वाद्यें तींच राहिलीं. पण तीं आतां शोना बोलूं लागलीं. १९७४ मध्यें या वृंदानें 'न्गोमा यारिरा', म्हणजे 'ढोल वाजला', हें गाणें ध्वनिमुद्रित केलें. त्यांत म्बीरेची जुनी चाल गिटारच्या तारांवर स्पष्ट ऐकूं येते.

त्या खाणकामगारांच्या मनांत त्या वेळीं काय आलें असेल याची कल्पना करून पाहावी. दिवसभर जमिनीच्या पोटांत राबून वर आलेला माणूस संध्याकाळीं नाचावयास येतो, आणि झगमगत्या विजेच्या गिटारवर त्याला आपल्या आजीच्या अंगणांतली चाल ऐकूं येते. जें मागासलेलें म्हणून लपवावयास शिकविलें होतें, तेंच आज मंचावर मानानें उभें आहे! पुढें जोना सिथोले या दुसऱ्या थोर गिटारवादकानें हें वादन आणखी सूक्ष्म केलें. १९९७ सालीं तो वारला, तेव्हां त्या देशांतील गिटारचा एक संप्रदायच त्यानें मागें ठेवला होता.

मापफूमोनें इंग्रजी गाणीं मागें टाकलीं आणि शोनांत स्वतःचीं गाणीं रचावयास प्रारंभ केला. आणि शोनांत रचावयाचें तर विषय कोणता? आजूबाजूला जें घडत होतें तेंच. इयान स्मिथच्या गोऱ्या सरकारनें ११ नोव्हेंबर १९६५ रोजीं ब्रिटनशीं फारकत घेऊन एकतर्फी स्वातंत्र्य पुकारलें होतें, तें बहुसंख्य काळ्यांच्या हातीं सत्ता जाऊं नये म्हणून. रानांत गनिमी युद्ध पेटलें होतें. लोक त्याला दुसरा चिमुरेंगा म्हणत. बंडखोरांना अन्नपाणी मिळूं नये म्हणून सरकार खेडीं उठवून माणसांना कांटेरी तारांच्या कुंपणांत कोंडीत होतें. रात्रीच्या अंधारांत बंडखोर आणि गांवकरी यांच्या गुप्त सभा भरत व तेथेंहि गाणीं गाइलीं जात. मार्च १९७६ मध्यें खुद्द स्मिथनें नभोवाणीवरील भाषणांत बजावलें कीं, हजार वर्षांतहि बहुसंख्याकांचें राज्य येणार नाहीं. तें राज्य चार वर्षांनींच यावयाचें होतें.

अशा दिवसांत मापफूमोनें 'पामुरोमो चेते' हें गाणें गाइलें. या शब्दांचा अर्थ 'नुसती तोंडाची वाफ' असा. दुसऱ्या एका गाण्याचें नांव 'मुलांना लढाईवर धाडा' असें होतें. कोणत्या बाजूच्या लढाईवर, तें नांवांत कोठेंच नव्हतें. 'होकोयो', म्हणजे 'सांभाळा' किंवा 'खबरदार', हें त्याच्या एका संग्रहाचें नांव. कोणीं खबरदार राहावें, तेंहि त्यांत उघड सांगितलेलें नाहीं. शोना माणसाला म्हणी, रूपकें आणि वांकडें बोलणें यांची जन्मापासून संवय असते. ज्याला समजावयाचें त्याला समजे. आणि पोलिसानें बोट ठेवावें असा शब्द मात्र सांपडत नसे. आपल्या या गाण्यांना मापफूमोनें नांव दिलें 'चिमुरेंगा संगीत'. ऐंशी वर्षांपूर्वीं ज्या नांवाखालीं नेहांडा लढली तेंच नांव आतां तबकड्यांच्या दुकानांत ऐकूं येऊं लागलें.

सरकारच्या नभोवाणीनें हीं गाणीं बंद केलीं. पण हवेला कुंपण घालतां येत नाहीं. शेजारच्या मोझांबिकमधून बंडखोरांचें नभोवाणी-केंद्र बोलत असे. रात्रीं दार लावून, आवाज बारीक करून लोक तें ऐकत, आणि तेथून हेंच गाणें ऐकूं येई. नाचगृहांतूनहि तें चालूच होतें. अखेर सरकारनें गाणें सोडून गायकालाच पकडलें. युद्धाच्या अखेरच्या दिवसांत मापफूमोला कोणताहि रीतसर आरोप न ठेवतां सुमारें तीन महिने स्थानबद्ध करण्यांत आलें.

येथवरची हकीकत सरळ आहे. वीराच्या चरित्रांत शोभावी अशी आहे. पुढचा प्रसंग तसा नाहीं. परंतु तो गाळून हें चरित्र सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. स्मिथनें तडजोडीची म्हणून जी व्यवस्था केली होती तींत बिशप एबल मुझोरेवा हे काळे पुढारी पुढें आले होते. बंडखोर त्यांना गोऱ्यांचें बाहुलें म्हणत. सुटकेच्या सुमारास मापफूमो या मुझोरेवांच्या पक्षाच्या मेळाव्यांत गाइला. आपल्याला तें करणें भाग पडलें आणि तेथेंहि आपण आपलीं नेहमींचींच गाणीं गाइलों, असें त्याचें म्हणणें. तें खोटें मानण्याचें कारण नाहीं. तुरुंगांत गेलेल्या माणसानें काय करावयास हवें होतें, हें तुरुंगाबाहेर बसलेल्यांनीं ठरविणें सोपें असतें. पण गाणें कोणत्या व्यासपीठावरून गाइलें जातें यानेंहि त्याचा अर्थ बदलतो, हें तितकेंच खरें. आणि हा डाग विजयी पक्षाच्या लोकांनीं पुष्कळ दिवस ध्यानांत ठेवला.

डिसेंबर १९७९ मध्यें लंडनला करार झाला, निवडणुका झाल्या, आणि रॉबर्ट मुगाबे यांचा पक्ष निवडून आला. १८ एप्रिल १९८० च्या मध्यरात्रीं म्बारे वस्तींतल्याच रुफारो मैदानावर ब्रिटनचा झेंडा उतरला व झिंबाब्वेचा चढला. इंग्लंडचे युवराज चार्ल्स हजर होते. जमैकाहून बॉब मार्ले हा जगप्रसिद्ध गायक मुद्दाम आला होता. निमंत्रित आंत होते, आणि ज्यांच्यासाठीं हें स्वातंत्र्य होतें ते हजारों सामान्य लोक फाटकाबाहेर लोटालोटी करीत होते. त्यांना आंवरण्यासाठीं पोलिसांनीं अश्रुधूर सोडला, आणि तो धूर मैदानांतहि शिरला. स्वातंत्र्याच्या पहिल्याच रात्रीं लोकांच्या डोळ्यांत पाणी आलें, त्यांतलें कांहीं आनंदाचें होतें आणि कांहीं या धुराचें. त्या स्वातंत्र्योत्सवांत मापफूमोहि आपल्या 'ब्लॅक्स अनलिमिटेड' या वृंदासह गाइला.

पुढचीं कांहीं वर्षें आनंदाचीं होतीं. युद्धानें उजाड झालेलीं खेडीं पुन्हां नांदूं लागलीं, तो हर्ष त्यानें 'चौया चिरिझेवा' या गाण्यांत घातला. १९८२ मध्यें सॉल्सबरीचें हरारे झालें. शाळा वाढल्या, दवाखाने वाढले. मापफूमोला लोक त्याच्या कुळाच्या देवकावरून 'मुकान्या' म्हणूं लागले. डोक्यावर लांब जटा, आवाज खर्जांतला आणि किंचित् घोगरा, मंचावर हालचाल अगदीं थोडी. १९८० नंतरच्या दशकांत त्यानें गिटारच्या जोडीला खरी म्बीराच आपल्या वृंदांत आणली. रात्री नऊ वाजतां सुरू झालेलें त्याचें गाणें पहांटेपर्यंत चाले. बीरा जणूं खेड्यांतून शहरांत आला होता. युरोप-अमेरिकेंतहि त्याचे दौरे झाले.

परंतु याच वर्षांत आणखी एक गोष्ट घडत होती. १९८३ पासून माटाबेलेलँड प्रांतांत नव्या सरकारच्या सैन्यानें हजारों नागरिक मारले. विजयाच्या गाण्यांचा गजर एवढा होता कीं, त्या प्रांताचा आक्रोश राजधानींत फार थोड्यांच्या कानीं पोंचला. स्वातंत्र्याच्या उत्सवांतहि कान उघडे ठेवावे लागतात, हा धडा त्या देशाला महाग पडला.

१९८८ सालीं दुसरें एक प्रकरण उघडकीस आलें. विलोवेल येथें मोटारी जुळविण्याचा कारखाना होता. मोटारींचा तुटवडा होता, म्हणून त्यांच्या किंमती सरकारनें बांधून दिल्या होत्या. मंत्री आणि बडे अधिकारी आपल्या वजनावर बांधलेल्या किंमतीनें मोटारी घेत आणि बाहेर भरमसाट भावानें विकीत. बुलावायो शहराच्या 'क्रॉनिकल' दैनिकानें हें छापलें. न्यायमूर्ति सांडुरा यांच्या मंडळानें चौकशी केली. कांहीं मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले. एकानें आत्महत्या केली. आणि ज्यांनीं हें उघडकीस आणलें त्या संपादक जेफ्री न्यारोटा यांनाहि त्यांच्या खुर्चीवरून हलविण्यांत आलें.

मापफूमोनें १९८९ मध्यें 'करप्शन', म्हणजे 'लांचलुचपत', या नांवाचा संग्रह काढला. या वेळीं त्यानें रूपक वापरलें नाहीं, आणि शब्दहि इंग्रजी घेतला. गोऱ्या सरकारपुढें वांकडें बोलणारा गायक स्वकीय सरकारपुढें सरळ बोलला, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. शत्रूशीं सांकेतिक भाषेंत बोलावें लागतें. घरच्या माणसाला उघड बोलतां यावें, अशी त्याची समजूत असावी. ती समजूत फार दिवस टिकली नाहीं. सरकारी नभोवाणीला हें गाणें मानवलें नाहीं. 'कालपर्यंत आमचीं गाणीं गाणारा आज उलटला' अशी कुजबुज सुरू झाली.

उलटला कोण? या प्रश्नांतच त्याच्या चरित्राचें सार आहे. मापफूमोचें गाणें १९७७ मध्यें ज्या माणसाच्या बाजूनें होतें त्याच माणसाच्या बाजूनें तें १९८९ मध्येंहि होतें. तो माणूस म्हणजे हलक्या जमिनीवर मका पिकविणारा शेतकरी, मोटारगाडीसाठीं तासन्‌तास रांगेंत उभा राहणारा म्बारेचा मजूर. या माणसाच्या उरावर बसणारे मात्र बदलले होते. गायक जागचा हलला नव्हता. ज्यांनीं जागा बदलली त्यांना तो हलल्यासारखा दिसला. आगगाडींत बसलेल्याला बाहेरचीं झाडें पळतांना दिसतात, तसें.

१९९० नंतरचीं वर्षें उतरणीचीं ठरलीं. कारखाने बंद पडूं लागले. १४ नोव्हेंबर १९९७ रोजीं चलनाची किंमत एकाच दिवसांत कोसळली. १९९८ च्या जानेवारींत धान्याच्या भाववाढीनें दंगे झाले. त्याच वर्षीं सरकारनें दूरच्या काँगोच्या युद्धांत आपलें सैन्य धाडलें. शतकाच्या अखेरीस मापफूमोनें 'डिझॅस्टर', म्हणजे 'अरिष्ट', आणि 'मामवेमवे', म्हणजे 'चिंध्या', हीं गाणीं काढलीं. ज्या देशासाठीं त्याच्या पिढीनें आसवें गाळलीं त्याच्या या चिंध्या होत्या. हीं गाणीं सरकारी नभोवाणीवरून नाहींशीं झालीं, आणि देशांत दुसरी नभोवाणी नव्हती. २००० सालीं त्यानें आपलें कुटुंब अमेरिकेंत ऑरेगन राज्यांतील यूजीन या गांवीं हलविलें. कांहीं काळ तो गाण्यासाठीं मायदेशीं येत राहिला. पुढें तेंहि थांबलें. इकडे २००१ मध्यें सरकारनें कायदा केला कीं, नभोवाणीवरील तीन-चतुर्थांश कार्यक्रम देशी असावेत. देशी संगीताला ज्यानें देशांत पुन्हां मान मिळवून दिला, त्याच्या या गाण्यांना मात्र त्या तीन-चतुर्थांशांत जागा मिळाली नाहीं.

परदेशांतले दिवस गायकाला कठीण जातात. यूजीनमध्यें गाणें ऐकणारे सज्जन होते, रसिक होते. पण गाण्यांतल्या वांकड्या शब्दाला जो हशा पिकावा, ज्या ओळीला सभागृहांतून हुंकार यावा, तो तेथें कोठून येणार? म्बीरेच्या दुसऱ्या वादकाप्रमाणें श्रोताहि रिकाम्या जागा भरीत असतो. तो नसला म्हणजे गाणें अर्धेंच वाजतें. मायदेशांत मात्र नोटांवरचीं शून्यें वाढत वाढत जानेवारी २००९ मध्यें शंभर लाख-कोटींची एक नोट निघेपर्यंत मजल गेली होती. 'चिंध्या' हें नांव कोणी अतिशयोक्तीचें म्हणेल असे दिवस राहिले नव्हते. त्या गाण्याच्या तबकड्या हातोहातीं फिरत. पुनः दार लावून ऐकण्याचे दिवस आले होते. फरक एवढाच कीं, ऐकणारा आतां स्वतंत्र देशाचा नागरिक होता.

नोव्हेंबर २०१७ मध्यें मुगाबे यांना पायउतार व्हावें लागलें. पुढच्या वर्षीं, २८ एप्रिल २०१८ रोजीं, सुमारें चौदा वर्षांनंतर मापफूमो हरारेंत गाण्यासाठीं उभा राहिला. वय बहात्तर. त्या कार्यक्रमाला नांव दिलें होतें 'मोठा बीरा'. हजारों माणसें लोटलीं, आणि त्यांत अशीं तरुण मुलें पुष्कळ होतीं कीं, ज्यांनीं त्याला कधीं डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें. पुढें २०२० मध्यें म्बीरा घडविण्याच्या व वाजविण्याच्या कलेला युनेस्कोनें जगाच्या सांस्कृतिक ठेव्यांत स्थान दिलें. ज्या वाद्याची मिशनच्या शाळेंत लाज वाटत असे, त्याचा हा मान होता.

मापफूमो निर्दोष होता असें कोणीं म्हणूं नये. त्यानेंहि तसें म्हणवून घेतलेलें नाहीं. त्याच्या गाण्यानें स्मिथचें राज्य पडलें नाहीं. तें रानांत मेलेल्या मुलांनीं पाडलें. त्याच्या गाण्यानें मुगाबे यांचें राज्यहि पडलें नाहीं. तें त्यांच्याच सेनापतींनीं संपविलें. मग त्यानें केलें काय? जें सर्वांना दिसत होतें पण एकेकट्याला बोलण्याचें धैर्य होत नव्हतें, तें त्यानें चालीवर बसविलें. हजार माणसें एकाच वेळीं तें गाऊं लागलीं म्हणजे प्रत्येकाला कळतें कीं आपण एकटे नाहीं. राज्यकर्त्यांना भीति वाटते ती या कळण्याची. एरव्हीं चार गिटार आणि एक खर्जांतला आवाज यांना भिण्याचें सरकारला काय कारण?

बीराच्या रात्रीं पूर्वज अंगांत येतो तेव्हां तो घरच्या कर्त्या माणसालाहि खडसावतो, आणि कर्ता माणूस खालीं मान घालून ऐकून घेतो. घरांत पूर्वज बोलला म्हणून त्याला घराबाहेर काढावें, असें शोना माणसाच्या स्वप्नांतहि येत नाहीं. मापफूमोच्या देशानें आपल्या गायकाला मात्र बाहेर राहावयास लाविलें, आणि चौदा वर्षांनीं त्याच्यासाठीं पुन्हां अंगण झाडलें. त्या रात्रीं तो पहांटेपर्यंत गाइला.